केदारी मॅडमची अमेरिका

केदारी मॅडम फळ्यावर एक शब्द लिहायच्या, आम्हाला तो वाचू द्यायच्या आणि लगेच डस्टरनं पुसून टाकायच्या. मग हात झटकत म्हणायच्या, "चपला बाहेर काढतो ना आपण, तसा हा शब्द बाहेर ठेवा. आता आत या आणि सांगा, काय झालं होतं ते."

लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला इतिहासाचा एक ऐच्छिक पेपर होता, आधुनिक अमेरिकेचा. तो घेणारी मुलं अमेरिकेच्या प्रेमापोटी घेत नसत. त्याचा तास सकाळी असे आणि दुपारची गाडी पकडून तळेगावला किंवा चाकणला कामावर जाता येई, एवढंच. मॅडमना हे ठाऊक होतं. त्या कुणाला कधी बोलल्या नाहीत. "तुम्ही गाडीसाठी आलात, मी पगारासाठी आले. आता आलोच आहोत तर थोडं काम करू," असं म्हणून त्या सुरुवात करायच्या. कॉलेजात त्यांना सगळे अमेरिका मॅडम म्हणत. त्या अमेरिकेला कधी गेल्या नव्हत्या. विमानातही बसल्या नव्हत्या. मळवलीला लोकलमध्ये चढायचं आणि पुढच्या स्टेशनावर, लोणावळ्याला उतरायचं, हाच त्यांचा रोजचा परदेश.

माझे वडील रेल्वेत. आमच्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. त्यामुळे कॉलेजात पोचेपर्यंत माझ्याकडं शब्दांचा भरपूर दारूगोळा होता. पहिल्याच तासाला मॅडमनी विचारलं, "अमेरिकेबद्दल कुणाला काय माहीत आहे?" मी उभी राहिले आणि भांडवलशाही, साम्राज्यवाद, शोषण असं एका दमात सुनावलं. मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान. आता साम्राज्यवाद दाराबाहेर ठेव. शोषण त्याच्या शेजारी ठेव. ये आत."

मी आत येऊ शकले नाही. तोंड उघडलं, पण दारात ठेवलेल्या शब्दांखेरीज माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

"बस. ही परीक्षा नाही," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन आईला सांगून बघ. तिला कळलं तर मला येऊन सांग."

त्या संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती. मी तिला सांगू लागले. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे कोण कुणाला काय म्हणालं?" मला राग आला होता. मॅडमचा की आईचा, ते आज सांगता येणार नाही. पण पुढचं वर्षभर मी त्यांचा एकही तास चुकवला नाही.

त्यांची अमेरिका मावळातच घडायची. महामंदी शिकवताना त्या म्हणाल्या, "लोणावळ्यातली चिक्कीची सगळी दुकानं उघडी आहेत. बरण्या भरलेल्या आहेत. खाणाऱ्यांना भूक आहे. पण हायवेवर एक गाडी थांबत नाही, कारण कुणाच्याच खिशात काही नाही. मग दुकानदार कामगाराला घरी पाठवतो. तो कामगार दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक होता, म्हणून ते दुकानही बसतं. असं वर्षानुवर्षं." मंदीतल्या बेकारांना सरकारी कामं देणाऱ्या न्यू डीलला त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका उभ्या केल्या. सरकारनं हाताला काम द्यावं का, यावर आमचा वर्ग तासभर भांडला. निम्म्या मुलांच्या आज्या त्या कामांवर गेलेल्या होत्या, हे भांडता भांडता बाहेर आलं.

शीतयुद्ध मला त्यांच्याच शब्दांत पाठ आहे. "दोन भाऊ, मधे एक बांध. दोघांनी घरात काठ्या आणून ठेवल्या. मग कोयते आणले. मग त्याहून मोठं काहीतरी आणलं. एकमेकांना हात कधी लावला नाही. पण रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारायला लागले, तू कुणाकडचा? आणि मारामाऱ्या झाल्या त्या तिसऱ्याच्याच शेतात." वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. मग गंभीर होऊन म्हणाले, "तुझी बाई कुणाकडची आहे?" हा प्रश्न मी मॅडमच्या कानावर घातला. त्या म्हणाल्या, "मळवलीकडची, असं सांग."

एक तास मात्र असा होता की त्यात वर्गात कुणी हसत नसे. अमेरिकेत शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांचा तो तास. मॅडम सांगायच्या, "घर घेताना कागदात एक अट असायची. हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. आणि त्याच अटीत पुढं एक सवलत असायची. घरकामाचा नोकर असेल तर तो राहिलेला चालेल." एवढं सांगून त्या थांबायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. "म्हणजे अडचण रंगाचीसुद्धा पुरती नव्हती. तो माणूस कशासाठी आत आलाय, याची होती. झाडू घेऊन आला तर चालेल. आपला म्हणून आला तर चालणार नाही."

त्या खिडकीबाहेर काय बघत असत हे मला कळलं ते कॉलेज संपल्यावर, त्यांच्या वाडीत जाणं-येणं सुरू झालं तेव्हा.

मळवली स्टेशनावर उतरून लोहगडाच्या दिशेनं चालत गेलं की त्यांची वाडी लागते. स्टेशन ते वाडी ही जुनी बैलगाडीची वाट. दोन्ही बाजूंची भातखाचरं एकेक करून विकली गेली आणि तिथं बंगले उठले. उताराची छपरं, निळे तलाव, शनिवार-रविवारी गाणी. वाट मात्र कुणी विकली नव्हती, कारण ती कुणा एकाची नव्हती. ती बंगल्यांच्या मधून तशीच राहिली, दगडाची आणि पावसाळ्यात चिखलाची. मग बंगलेवाल्यांची सोसायटी झाली आणि वाटेच्या तोंडाशी एक आडवा दांडा बसला. गाडी आली की वॉचमन दांडा वर घ्यायचा. चालत येणारं माणूस खालून वाकून जायचं. वाडीची माणसं वाकून जायला लागली. त्यात कुणाला काही वाटलं नाही. डोक्यावर भारा घेऊन गोठ्याच्या दारातून वाकून जावंच लागतं की.

मॅडम वाकल्या नाहीत. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा त्या वाटेनं गेले, तेव्हा त्या दांड्यासमोर जाऊन स्वस्थ उभ्या राहिल्या.

वॉचमन नवा होता. "कुणाकडं जायचंय?"

"कुणाकडं नाही. वाट आहे, वाटेनं चाललोय."

"मग खालून या ना, मॅडम."

"कंबर धरते हो माझी. दांडा वर घ्या."

त्यानं दोर ओढला, दांडा वर गेला, आम्ही पलीकडं गेलो. थोडं पुढं गेल्यावर मी काळजीनं विचारलं, कंबर फार दुखते का. त्या म्हणाल्या, "मागच्या रविवारी लोहगड चढून आले. उत्तम आहे कंबर." वॉचमन दर काही महिन्यांनी बदलत. प्रत्येक नवा माणूस तोच प्रश्न विचारी आणि मॅडम त्याच दोन वाक्यांत त्याला उत्तर देत. आवाज न चढवता, रोज, कॉलेजला जाताना आणि येताना.

मला हे पुरेसं वाटत नव्हतं. गावच्या माणसाला गावच्याच वाटेवर कुणाकडं जायचंय म्हणून विचारतात, तर तो दांडा उखडून इंद्रायणीत टाकला पाहिजे, असं माझं मत होतं आणि आजही फारसं बदललेलं नाही. मॅडम म्हणायच्या, "उखड की. उद्या लोखंडाचं फाटक बसेल. त्याचं काय करायचं ते आधी ठरव."

फाटकाआधी आला रस्ता. सोसायटीचे सेक्रेटरी, पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर, वाडीत आले आणि त्यांनी एक योजना मांडली. बंगल्यांच्या मागच्या अंगानं, डोंगराच्या कडेनं, सोसायटी स्वखर्चानं वाडीला सिमेंटचा रस्ता बांधून देईल. दिवेही लावील. त्या बदल्यात वाडीनं एक ठराव करायचा, की जुन्या वाटेची आता आम्हाला गरज उरलेली नाही. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, लहान मुलांची नावं विचारली. "तुमच्या सोयीसाठीच आहे हो. भेट समजा आमच्याकडून."

वाडी हरखली. आणि का हरखू नये? त्या वाटेवर पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावं लागलं होतं. बंगल्यांत स्वयंपाकाला आणि फरशीला जाणाऱ्या बायकांच्या साड्या गुडघ्यापर्यंत चिखलात भरत. मॅडमच्या शेजारच्या शांतामावशी तीन घरची कामं करत. त्या मॅडमकडं बोट करून म्हणाल्या, "सोन्यासारका रस्ता देत्यात. आनि ही मालू म्हनती नगं. हिला कालिजात खुर्ची हाय बसायला."

मॅडमना त्या ठरावात काय दिसत होतं ते मला लगेच समजलं, कारण तो तास मी ऐकला होता. एकदा वाडीनं लिहून दिलं की वाट संपली. मग त्या बंगल्यांमधून वाडीचं माणूस जाईल ते फक्त कुणाच्या तरी घरी कामाला म्हणून, कुणाचं तरी नाव सांगून. आपल्या पायानं, आपल्या कामाला, कुणाचं नाव न सांगता कधीच जाणार नाही. नवा रस्ता कितीही चांगला असला तरी त्याची किंमत ही होती.

वाडीची पहिली सभा शाळेच्या खोलीत भरली. मॅडम बोलायला उठल्या आणि तिथं त्यांनी असं काही केलं की मला विश्वास बसेना. त्यांनी खडू उचलला, फळ्यावर लिहिलं, "वेगळे पण समान", आणि पुसलं नाही.

मग त्या शिकवू लागल्या. कॉलेजच्या भाषेत. अमेरिकेत एक माणूस गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून त्याला रेल्वेतून कसं उतरवलं, सर्वोच्च न्यायालय कसं म्हणालं की डबे वेगळे असले तरी सारखे असतील तर त्यात अन्याय नाही. त्या तीन शब्दांच्या जोरावर शाळा, नळ, बाकडी, दवाखाने, सगळं कसं वेगळं झालं. सारखं कधीच नव्हतं, आणि सारखं असतं तरी वेगळं ठेवणं हाच अन्याय, हे त्याच न्यायालयाला मान्य करायला दोन पिढ्या कशा गेल्या. सगळं खरं होतं आणि सुंदर सांगितलं होतं. मी मागं बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. समोरची माणसं अदबीनं ऐकत होती. एक म्हातारी झोपली.

त्यांचे चुलते बबनआबा सभेचे अध्यक्ष होते. ते म्हणाले, "मालू, लय ग्वाड बोललीस. पन तुजी अमेरिका लय लांब हाय गं. हितं गुडघाभर चिखूल हाय." सगळे हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. ठरलं की पुढच्या सभेला सोसायटीचे सेक्रेटरी नकाशा घेऊन येतील आणि तेव्हा ठराव करायचा.

दोन दिवसांनी मी एक पत्रक लिहून मॅडमच्या घरी गेले. त्या पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. पत्रकाचं शीर्षक होतं "वर्णभेदी विकासाचा डाव हाणून पाडा". अमेरिकेतल्या लढाऊ पत्रकारांना कुणीतरी चिखल उपसणारे म्हणून हिणवलं होतं आणि ते नाव त्यांनी मिरवलं, हे मॅडमनीच शिकवलेलं. मला बघून त्या म्हणाल्या, "या. चिखल उपसणारे आले."

त्यांनी पत्रक वाचलं, चष्मा वर केला आणि बोट ठेवत गेल्या. "हा बाहेर. हा बाहेर. डाव पण बाहेर, सेक्रेटरी काही डाव टाकणारा माणूस नाही. आता काय राहिलं?"

तारीख राहिली होती आणि शेवटचं "आपली नम्र". मला अपमान झाल्यासारखं वाटलं आणि मी बोलून गेले, "तुम्ही ठेवलात का बाहेर, परवा? फळ्यावर लिहून ठेवला होतात. पुसलाही नाहीत."

मॅडमच्या हातातली शेंग तशीच राहिली. आपण फार बोललो असं वाटून मी उठायला लागले. त्या म्हणाल्या, "बस." मग स्वतःशीच हसल्यासारखं करून, "आयुष्यभर दुसऱ्यांना चपला काढायला लावल्या. आणि माझ्याच माणसांच्या घरात चपलांसकट शिरले की गं." उरलेले वाल त्यांनी सोलून संपवले. निघताना एवढंच म्हणाल्या, "पत्रक आत्ता छापू नकोस. आधी मला आत जाऊन येऊ दे."

दुसऱ्या सभेला खोली गच्च भरली. सेक्रेटरींनी फळ्यावर नकाशा चिकटवला. हिरवी, निळी, लाल शाई. वाडी नकाशाभोवती गोळा झाली आणि माणसं आपापली घरं शोधू लागली. बबनआबांनी विचारलं, "कुनाला काय इचारायचंय का?"

मॅडम उठल्या. खडूला हात लावला नाही. "मला विचारायचंय, साहेब. नवा रस्ता सिमेंटचाच ना?"

"हो, मॅडम. पक्का."

"पाणी साचेल?"

"अजिबात नाही. दोन्ही बाजूंना गटार आहे."

"दिवे?"

"रात्रभर."

"मोठी गाडी जाईल?"

"आरामात. दोन गाड्या समोरासमोर जातील."

"म्हणजे जुन्या वाटेपेक्षा चांगला?"

"कितीतरी," सेक्रेटरी मनापासून म्हणाले. "तुलनाच नाही."

"मग असं करा," मॅडम म्हणाल्या. "तो तुम्हीच घ्या. पैसे तुमचे, कष्ट तुमचे, चांगला रस्ता तुमच्याच गाड्यांना नको का? आम्ही जातो आमच्या जुन्या वाटेनं. आम्हाला चिखलाची सवय आहे."

सगळी खोली हसली. सेक्रेटरीही हसले. मग हसू ओसरलं, तसे ते नकाशाकडं बघू लागले.

बबनआबा म्हणाले, "बोला की, सायेब. वाईट न्हाई बोलली ती."

"तसं नाही, आबा," सेक्रेटरी म्हणाले. "आमच्या लोकांना आता... म्हणजे, बंगल्याची तोंडं सगळी पुढं आहेत. त्यांना मागच्या बाजूनं यायला लावायचं म्हणजे..."

"म्हंजी काय?"

"बरं दिसत नाही ना."

शांतामावशी दाराशी बसल्या होत्या, हातात कामाची पिशवी. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "आनि आमाला दिसंल व्हय?"

नकाशाभोवतीची माणसं सेक्रेटरींकडं वळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अमेरिकेतला एक अख्खा शब्द आत्ता या खोलीत उभा आहे आणि त्याचं नाव कुणी घेतलेलं नाही. सेक्रेटरींचा चेहरा उतरला होता. मला वाटतं, ते स्वतः पहिल्यांदाच त्या प्रश्नासमोर आले होते. त्यांनी नकाशा अलगद काढला आणि गुंडाळला. बबनआबा म्हणाले, "ठराव ऱ्हाऊ द्या आता. चहा घ्या, सायेब." सेक्रेटरींनी चहा घेतला.

ठराव झाला नाही. मी आनंदानं पत्रक काढायचं म्हणाले, विजयाचं. मॅडमनी मला थांबवलं. "अमेरिकेतही न्यायालयानं निकाल दिला होता, शाळा एकत्र करा म्हणून. तर काही ठिकाणी लोकांनी सरकारी शाळाच बंद करून टाकल्या, पण एकत्र केल्या नाहीत. निकाल लागला म्हणजे दार उघडलं असं नाही. दारातून रोज जावं लागतं."

सोसायटीनं मागचा रस्ता तरीही बांधला, स्टेशनकडून वाडीच्या अंगानं स्वतःच्या मागच्या फाटकापर्यंत, आणि वाडीला कुणी अडवलं नाही. झालं असं की बायका आपसूक तिकडून जायला लागल्या. पाय कोरडे राहत. मी संतापले. ठराव न करता वाट जाणार, असं म्हणाले. मॅडम कुणालाही बोलल्या नाहीत. "शांतामावशीच्या गुडघ्यात वात आहे आणि तू तिला तत्त्वासाठी चिखलातून चालवणार? पावसात खुशाल तिकडून जाऊ दे. तिकडं बसवर बहिष्कार टाकून एका अख्ख्या शहरातली काळी माणसं वर्षभर पायी चालली होती. पण म्हाताऱ्यांसाठी त्यांनी गाड्या ठेवल्या होत्या, हे विसरू नकोस." आणि स्वतः मात्र जुन्या वाटेनं चालत राहिल्या. रोज. काही दिवशी त्या वाटेवर चालणाऱ्या त्या एकट्याच असायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी कॉलेजनं तो पेपर बंद केला. मुलं मिळत नव्हती. मला वाईट वाटलं, त्यांना फारसं वाटलेलं दिसलं नाही. "अमेरिका बंद झाली आमची," म्हणून त्या हसल्या. निवृत्तीनंतर स्टेशनवर जायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी सकाळी त्या वाटेनं स्टेशनवर जायच्या, फलाटावर बसून पेपर वाचायच्या आणि त्याच वाटेनं परत यायच्या. मी एकदा विचारलं, पेपर घरी का नाही टाकायला सांगत. म्हणाल्या, "वाटेला रोज कुणीतरी लागतं गं. नाहीतर ती विसरते."

मागच्या हिवाळ्यात त्यांना छातीत दुखू लागलं. तळेगावच्या दवाखान्यात थोडे दिवस होत्या. मी भेटायला गेले तेव्हा नर्सला हृदयाची नळी तुंबणं म्हणजे नेमकं काय, हे डॉक्टरांचा एकही शब्द न वापरता सांगायला लावत होत्या. ती बिचारी पंप आणि पाइप असं सांगत होती आणि मॅडम मन लावून ऐकत होत्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हिला कळलंय बघ." दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

दशक्रियेला मी इंद्रायणीच्या घाटावर गेले होते. विधी उरकला, माणसं पांगली. शांतामावशी म्हणाल्या, "चल पोरी, घरी चल, दोन घास खा." आम्ही मळवली स्टेशनवरून चालू लागलो. मावशी आता फार थकल्या आहेत. गुडघे वाकत नाहीत, तरी दोन घरची फरशी अजून पुसतात. मला वाटलं, सिमेंटच्या रस्त्यानं नेतील. त्या न बोलता जुन्या वाटेला वळल्या.

दांड्याशी नवा वॉचमन होता, मिसरूड फुटलेला. खुर्चीतून उठला. "कुणाकडं जायचंय, मावशी?"

"कुनाकडं न्हाई. वाट हाय, वाटनं चाललोय."

"मग या की खालून. सगळे जातात."

दिवसभर वाकून फरशा पुसणाऱ्या शांतामावशी दांड्यासमोर काठी टेकून ताठ उभ्या राहिल्या.

"कंबर धरतीया माजी," त्या म्हणाल्या. "दांडा वर घे."